हिऱ्याआधी सापडतो जांभळा कण

यलोनाइफ ही कॅनडातल्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी. तिथून ईशान्येला सुमारे 300 किलोमीटरवर लाक द ग्रा नावाचं मोठं तळं आहे आणि त्याच्या परिसरात इकाटी आणि डायविक या हिऱ्यांच्या खाणी. बारमाही रस्ता नाही. माणसं विमानाने येतात, साधारण दोन आठवडे रोज 12 तास राबतात आणि तेवढेच दिवस घरी जातात. डिझेल, सिमेंट, टायर असलं जड सामान हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून ट्रकने येतं. हा बर्फाचा रस्ता वर्षातून जेमतेम दोन महिने चालू असतो. भरलेला ट्रक तळ्यावरून सायकलच्या वेगाने हाकावा लागतो. ट्रकच्या वजनाने बर्फ किंचित दबतो, खालच्या पाण्यात लाट उठते आणि वेग जास्त असला की तीच लाट काठाजवळ बर्फ फोडते.

बाहेर उणे 40, छावणीत दारूबंदी, डिसेंबरात ऊन चार-पाच तासांचं. अशा ठिकाणी एखाद्याला दगडांचा नाद लागला नाही तरच नवल. पण हिऱ्याच्या खाणीत दगड उचलून खिशात टाकायला सक्त मनाई असते. हौस भागवायची ती सुटीत, खाणीच्या हद्दीबाहेर. माझ्या मते यात छंदिष्टाचं फारसं नुकसान नाही. टनभर खनिजातून निघणारे हिरे ग्रॅमभरही भरत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं खाणीत काम करूनही दगडातला हिरा डोळ्यांनी न पाहिलेली माणसं असतात. खरी गंमत आहे ती हिऱ्यांसोबत वर येणाऱ्या गार्नेट या खनिजात.

संग्राहकाला सहसा रेखीव स्फटिक आवडतो. पुण्या-जळगावच्या बेसॉल्टमधले झिओलाइटचे स्फटिक आणि वाघोलीचं निळंशार कॅव्हनसाइट हे खनिज जगभरच्या संग्रहांत जाऊन बसलं ते याच आवडीमुळे. कॅनडाच्या उत्तरेतही शिस्ट खडकात लालसर, छान पैलू असलेले गार्नेट मिळतात. ते घरी न्यावेत, काचेच्या कपाटात ठेवावेत, पण हिऱ्याचा पत्ता त्यांच्याकडे नसतो. तो असतो पायरोप या दुसऱ्या जातीच्या गार्नेटकडे. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, वेडावाकडा तुकडा, पैलू नावाला नाही. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली उजेडात धरला की मात्र जांभळा रंग उमटतो. तो रंग क्रोमियमचा. असे पायरोप पृथ्वीच्या प्रावरणात तयार होतात. त्यांतले काही थेट 150 किलोमीटरहून खोल, म्हणजे जिथे हिरा टिकतो तिथले. किंबरलाइट नावाचा लाव्हा वर उसळताना हिरे आणि हे कण दोन्ही उचलून आणतो. कण हिऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक, म्हणून आधी सापडतात ते.

पुढचं काम हिमनद्यांनी केलं. किंबरलाइट आजूबाजूच्या ग्रॅनाइटपेक्षा मऊ. हिमयुगात बर्फाने तो खरवडला, खड्डे पडले आणि त्यांची तळी झाली. इथले बरेचसे हिरे तळ्यांच्या तळाशी सापडले त्याचं कारण हेच. खरवडलेला चुरा बर्फाने वाहून पश्चिमेकडे पसरवला. चक फिपकी आणि स्टुअर्ट ब्लसन या भूवैज्ञानिकांनी 1980 च्या दशकात पश्चिमेकडून सुरुवात करून कणांचा माग उलटा, पूर्वेकडे काढला. पैशांची चणचण होतीच. 1991 साली पॉइंट लेकजवळ भोक पाडलं, तेव्हा 59 किलो दगडात 81 बारीक हिरे निघाले. लगेच जमिनींवर हक्क सांगणाऱ्यांची झुंबड उडाली आणि 1998 मध्ये इकाटी खाण सुरू झाली.

माग काढायचा म्हणजे नमुने कुठून घ्यायचे? एक जागा म्हणजे एस्कर. बर्फाच्या पोटातून वाहणाऱ्या नदीने साठवलेला वाळूचा हा लांबलचक, नागमोडी बांध. पण त्यातला माल पाण्याने दूरवरून आणलेला असतो. नेमका पत्ता हवा असेल तर टुंड्रातले चिखलाचे फोड बघावेत. खालची जमीन कायमची गोठलेली. वरचा ओला थर थंडीत वरून आणि खालून गोठू लागला की मधला चिखल दाबला जातो आणि हिरवळ फोडून वर येतो. ताटाएवढे किंवा त्याहून मोठे मातीचे उघडे, गोल डाग दिसतात. निसर्ग स्वतःच खालची माती वर काढून ठेवतो, फावड्याचे कष्ट निम्मे वाचतात.

ती माती चाळायची आणि परातीत धुवायची. आपल्याकडे सराफकट्ट्यातली माती धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांचं तंत्रच हे: हलकं वाहून जातं, जड तळाला राहतं. वाळूतला क्वार्ट्‌झ पाण्याच्या सुमारे 2.65 पट जड, पायरोप साडेतीन पटींहून अधिक. तळाशी उरलेल्या काळपट गाळात जांभळा कण दिसला तर त्याची कड बघावी. मूळ किंबरलाइटमध्ये पायरोपभोवती करड्या-हिरव्या रंगाची पातळ साल असते. प्रवासात ती घासून निघते. साल शाबूत असेल तर कण फार लांबून आलेला नाही. सोबत क्रोम डायॉप्साइडचे पाचूसारखे हिरवे कण असले तर आणखी चांगलं. उष्ण, दमट हवेत हे खनिज लवकर कुजतं, उत्तरेच्या थंडीत टिकतं.

भिंगाची मजल इथवरच. पायरोप हिऱ्याच्या सोबतीचा आहे का, हे त्यातलं कॅल्शियम सांगतं. क्रोमियम भरपूर आणि कॅल्शियम कमी असेल तर आशा धरावी. हे जुळवून दाखवण्यात केपटाउनचे संशोधक जॉन गर्नी यांचा मोठा वाटा आहे आणि फिपकींनी त्याचाच आधार घेतला. ही मोजणी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या प्रयोगशाळेतल्या यंत्राचं काम. जांभळ्या रंगावर भाळून हिऱ्याची स्वप्नं पाहणारे हौशी लोक नेमके इथेच घसरतात.

किंबरलाइटमध्ये सापडलेली सर्वांत चकित करणारी गोष्ट मात्र ना हिरा, ना गार्नेट. इकाटीच्या पांडा या नळीत, म्हणजे किंबरलाइट वर आला त्या उभ्या विवरात, 300 मीटरहून खोल, लाकडाचा ओंडका निघाला. दगड झालेला नव्हे, खरंखुरं लाकूड. सुमारे 5 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी उद्रेक झाला तेव्हा काठावरचं झाड नळीत कोसळलं आणि राडारोड्याखाली गाडलं गेलं. 2012 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. झाड होतं मेटासेक्वोया, ज्याचे वंशज आज नैसर्गिकरीत्या फक्त चीनमध्ये उरलेत. लाकडातला सेल्युलोज इतका चांगला टिकला होता की त्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून तेव्हाच्या हवामानाचा अंदाज काढता आला: आजच्यापेक्षा 12 ते 17 अंशांनी उबदार, आणि पाऊस चौपट.