पिटबुलच्या पिल्लाचे पहिले सोळा आठवडे

पिटबुलविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. हा कुत्रा जन्मतःच खुनशी असतो असे काही जण मानतात, तर ‘सगळे संगोपनावर आहे’ असे म्हणून बाकीचे मोकळे होतात. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये पिटबुलसह तेवीस जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले, तेव्हा हा वाद पुन्हा रंगला. जनुकशास्त्राचे उत्तर मात्र दोन्ही पक्षांना गैरसोयीचे आहे. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन केलेल्या आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातील फरकापैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीने स्पष्ट होतो. स्वभावाचे अनेक गुण आनुवंशिक असतात, पण जातीच्या नावावरून ते ओळखता येत नाहीत. म्हणून पिल्लू निवडताना कागदपत्रांपेक्षा त्याची आई अनोळखी माणसाशी कशी वागते हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. जबडा ‘लॉक’ होतो ही तर निव्वळ दंतकथा आहे. असा खटका कोणत्याही कुत्र्याच्या जबड्यात नसतो.

संगोपनाचा खरा कस लागतो तो साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. या काळात जे दिसते, ऐकू येते आणि हुंगले जाते, ते पिल्लाचा मेंदू ‘नेहमीचे’ म्हणून स्वीकारतो. नंतर भेटलेली प्रत्येक नवी गोष्ट आधी संशयास्पद वाटते. १९६१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले पुढे जवळपास रानटी प्राण्यांसारखी वागली. अडचण अशी की नेमका हाच काळ रोगप्रतिकारशक्तीच्या दृष्टीने सर्वांत कच्चा असतो. आईच्या पहिल्या दुधातून आलेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडे हळूहळू ओसरत असतात. ती लस निष्प्रभ करण्याइतकी शिल्लक असतात, पण जीवघेणे जुलाब लावणाऱ्या पार्वो विषाणूला रोखण्याइतकी पुरेशी राहत नाहीत, अशी एक फट मध्ये पडते. ती कधी पडेल हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते. त्यामुळेच लस एकदा टोचून भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून ठरावीक अंतराने मात्रा देत शेवटची मात्रा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर द्यावी लागते. पार्वो मातीत कित्येक महिने तग धरतो, आणि घरातल्या फिनाइलवर तर मुळीच विसंबू नये.

मग पिल्लाला चार महिने घरात कोंडायचे का? नाही. त्याचे पाय रस्त्याला लागू द्यायचे नाहीत, एवढेच पथ्य. संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर मांडीवर घेऊन बसले, तरी हेल्मेट घातलेले लोक, फुगेवाले, धावणारी मुले, बुलेटचा आवाज हे सगळे त्याच्या ओळखीचे होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत जे ढोल वाजतात, त्यांचे रेकॉर्डिंग आधीपासून अगदी हळू आवाजात लावावे आणि त्याच वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा भरवावा. पिल्लाने कान मागे पाडले किंवा खाणे थांबवले, तर आवाज जास्त झाला असे समजावे. लसीकरण पूर्ण झालेल्या, शांत स्वभावाच्या मोठ्या कुत्र्याशी घरातच भेट घडवणेही चांगले.

दात येण्याच्या वयात पिल्लू हात चावते, त्यावर मारणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. दुधाचे २८ दात पडून ४२ कायमचे दात येईपर्यंत सहा-सात महिने जातात. चावा जोरात बसला की हात स्थिर ठेवून खेळ तिथेच थांबवावा; जबड्याचा जोर आवरायला पिल्लू त्यातूनच शिकते.

आहाराबाबत थोडक्यात सांगायचे तर पोळी कुत्र्याला पचते, कारण माणसाच्या सहवासात त्याच्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा वाढल्या आहेत. पण नुसत्या दूध-पोळीवर वाढत्या स्नायूंना पुरेसे प्रथिन मिळत नाही. कांदा आणि मनुका मात्र विषारी. तर्रीचा उरलेला रस्सा कौतुकाने भांड्यात ओतू नये.

नागपुरात खरी परीक्षा पाहतो तो मे महिना. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांपुरताच. शरीराची उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा, म्हणजेच जीभ आणि श्वसनमार्गातून होणारे बाष्पीभवन. पारा ४५ अंशांवर गेला की आजूबाजूची हवाच शरीराच्या साधारण ३९ अंशांपेक्षा तापलेली असते, आणि मग बाष्पीभवनाखेरीज दुसरा उपाय उरत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कोरड्या हवेमुळे कूलर उत्तम चालतो. जुलैच्या दमट दिवसांत बंद खोलीतला तोच कूलर हवा आणखी दमट करून धापांचा परिणाम कमी करतो, म्हणून खिडकी उघडी हवी. फिरायला पहाटे न्यावे आणि त्याआधी डांबरावर तळहात टेकवून पाहावा. जीभ रुंद होऊन टोकाशी चमच्यासारखी वळली, लाळ घट्ट झाली, चाल डगमगली, तर तो उष्माघात समजून जागेवरच अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मगच दवाखाना गाठावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, त्याने उष्णता आत कोंडते.

उन्हाळा सरला की गोचिडांचा त्रास उरतोच. त्यांच्यामुळे होणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूच्या तापात रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट घटतात. कानाच्या आतली बाजू आणि बोटांमधल्या फटी रोज तपासाव्यात.

इंग्लंडमध्ये १८३५ मध्ये बैलांवर कुत्रे सोडण्याच्या खेळावर बंदी आल्यावर या कुत्र्यांच्या पूर्वजांना आपसांत झुंजवले जाऊ लागले, आणि त्या निवडीच्या खुणा पुसून गेलेल्या नाहीत. माणसांशी गोड वागणारे पिल्लूही एक ते तीन वर्षांच्या दरम्यान इतर कुत्र्यांना सहन करेनासे होऊ शकते. मोहल्ल्यातल्या भटक्या कुत्र्यांसमोर पट्टा सोडायचा नाही हा नियम त्यामुळे पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो, आणि पट्टा धरणारा हातही मोठ्या माणसाचाच असावा लागतो.