बीट-खजुराने न भरणारं रक्त

‘रक्त कमी आहे’ असं कुणी म्हणायचा अवकाश, आपल्याकडे सल्ल्यांची रीघ लागते. बीट खा, खजूर खा, लोखंडी कढईत भाजी करा. एरवी त्यात तथ्य असतं, कारण आपल्याकडे ॲनिमिया बहुधा लोहाच्या कमतरतेनेच होतो. ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णाला मात्र या सल्ल्याचा उपयोग नसतो. लोह त्याच्या अंगात असतं. ते वापरून रक्त घडवणाऱ्या मूळ पेशीच जवळजवळ संपलेल्या असतात.

मटणाच्या रश्शातली नळी ताटावर आपटून आतला गर खाल्लेल्यांनी अस्थिमज्जा पाहिलेली आहे. मोठ्या माणसाच्या हातापायांच्या लांब हाडांत तो गर बराचसा चरबीचाच असतो. रक्त तयार होतं ते मुख्यतः कमरेच्या, छातीच्या हाडांत आणि मणक्यांत. म्हणून बोनमॅरोची, म्हणजे या मज्जेची, तपासणी कमरेच्या मागच्या बाजूने सुई घालून करतात. निरोगी तरुणाच्या नमुन्यात साधारण निम्मी जागा पेशींनी भरलेली दिसते. ॲप्लास्टिक ॲनिमियात जिकडेतिकडे चरबी आणि मधे चुकार पेशी. जर्मन वैद्यक पॉल एर्लिख यांनी १८८८ मध्ये एका तरुण गर्भवतीच्या शवविच्छेदनात हेच पाहिलं होतं.

आजाराचं नाव थोडं फसवं आहे. ॲनिमिया म्हणजे फक्त तांबड्या पेशींची घट. इथे तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात. तांबडी पेशी १२० दिवस जगते, रक्त गोठवणारी प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी रक्तात जेमतेम दिवसभर. हिमोग्लोबिन उतरलं की जिना चढताना धाप लागते, ते लगेच कळतं. प्लेटलेट घटल्याचं पायांवरचे बारीक लाल ठिपके आणि हिरड्यांतलं रक्त सांगतं. न्यूट्रोफिल मात्र गुपचूप घटतात. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद हातात आला की घरचे हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट वाचून तो घडी घालून ठेवतात; माझ्या मते आधी न्यूट्रोफिलचा आकडा शोधावा. तो (दर मायक्रोलिटरला) ५०० च्या खाली आणि प्लेटलेट २०,००० च्या खाली, तर आजार सहसा ‘तीव्र’ गटात जातो. अशा माणसाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहायची नसते. रात्री दोन वाजताही रुग्णालय गाठायचं.

(पपईच्या पानांचा रस? डेंग्यूतून उठलेल्याची मज्जा शाबूत असते, प्लेटलेट आपोआपच वाढतात आणि श्रेय रसाला जातं. इथे कच्च्या रसातून जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.)

मज्जा ओस का पडते? किरणोत्सर्ग, बेंझिन हे रसायन, क्वचित एखादं औषध ही कारणं माहीत होती, पण बहुतेक रुग्णांत यातलं काहीच सापडत नसे. धागा मिळाला तो एका फसलेल्या प्रयोगातून. पॅरिसमध्ये डॉक्टर जॉर्ज माते यांनी नातेवाइकांची मज्जा काही रुग्णांना दिली. ती नाकारली जाऊ नये म्हणून आधी रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबणारं द्रव्य टोचलं. दिलेली मज्जा रुजली नाही, तरी काही रुग्णांची स्वतःचीच मज्जा पुन्हा काम करू लागली. १९७० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. दाबायचं होतं एका कारणासाठी, गुण आला दुसऱ्याच! रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, मज्जेवर उलटलेल्या असतात, हे पुढे पक्कं झालं.

या टी-पेशींवर मारा करणारं आजचं एटीजी हे औषध त्याच वाटेवरचं. सर्पदंशावरचं औषध घोड्यांच्या रक्तापासून बनतं, हे हाफकिनमुळे आपल्याला ठाऊक आहे. तसंच इथे घोड्याला मानवी पेशी टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढतात. सशापासूनचं एटीजी जास्त जालीम, म्हणून तेच सरस ठरेल अशी अटकळ होती. २०११ च्या अमेरिकी चाचणीत घोड्याच्या औषधाने सहा महिन्यांत ६८ टक्के रुग्णांना गुण आला, सशाच्या औषधाने ३७ टक्क्यांना. सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन, आणि अलीकडे मज्जेला चालना देणारं एल्ट्रोम्बोपॅग. ही औषधं घेताना संयम लागतो: गुण दिसायला तीन ते सहा महिने जातात, आणि तोवर दर आठवड्याचा सीबीसी जीव टांगणीला लावतो. आजार उलटूही शकतो. रुग्ण मूल किंवा तरुण असेल तर दोष जन्मजात, म्हणजे फँकोनी ॲनिमियाचा, नाही ना हे आधीच तपासतात. त्यात एटीजी चालत नाही.

तरुण रुग्णाला जुळणारा भाऊ किंवा बहीण असेल, तर पहिली पसंती मज्जारोपणाला. प्रत्येक सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. इथे एक गोष्ट भल्याभल्यांना खटकते. रक्त हवं म्हटल्यावर भाऊ धावत येतो, बाही वर करतो, आणि डॉक्टर त्याला नको म्हणतात. त्याचं रक्त आधी चढवलं, तर रुग्णाचं शरीर त्या पेशी ओळखून ठेवतं आणि पुढे त्याचीच मज्जा नाकारू शकतं. रक्त परक्या दात्याचंच घ्यायचं, पांढऱ्या पेशी गाळून आणि किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून.

तेही मोजून. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात, हृदयात साचत जातं. वीसेक पिशव्या झाल्या की लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्यांचा विषय निघतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मामी खजुराचं पाकीट घेऊन भेटायला येते.