केळ्याच्या सालीने पाणी पिण्याजोगं होतं का?

‘घागरीत केळ्याची साल टाका, शिसं निघून जातं’ हा निरोप गेली कित्येक वर्षं फिरतोय. त्याचं मूळ खरं आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की केळ्याच्या सालीची पूड नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं धरून ठेवते. सालीतल्या आम्लगटांवर ऋणभार येतो, धातूचे आयन धनभारित असतात, म्हणून ते चिकटतात. पण साल वाळवून, दळून वापरली होती आणि मुख्य हेतू होता पाण्यातला अत्यल्प धातू गोळा करून मोजण्याचा. पिण्याचं पाणी तयार करणं हा नव्हेच.

घागरीतली ओली साल काय करते? तिच्यातली साखर पाण्यात उतरते, पाणी तपकिरी पडतं आणि जंतूंना आयतं खाद्य मिळतं. आधीचे जंतू तर ती काढतच नाही. धातू शोषलेली साल गुरांपुढे टाकली तर तो धातू त्यांच्या पोटात जातो, हे कुणी सांगतच नाही!

आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळच्या विहिरींत खरा त्रास फ्लोराइडचा. तो ऋणभारित, त्यामुळे या मार्गाने सालीला चिकटत नाही. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. चवीने ते कळत नाही, म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या.