बायोप्सीचा रंग कुठून आला

बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये गेला की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला चार-चार दिवस का? तुकडा कुजू नये आणि कडक व्हावा म्हणून आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो, मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, झायलीन या द्रावकातून काढून पॅराफिनच्या मेणात बसवायचा आणि मायक्रोटोम या काप घेणाऱ्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप घ्यायचे. फॉर्मॅलिनचा हा कडक करण्याचा गुण 1893 मध्ये जर्मनीच्या फर्डिनांड ब्लूम यांच्या ध्यानात आला तोही योगायोगाने. ते जंतुनाशक म्हणून त्याची परीक्षा करत होते, तर बोटांची कातडीच कडक झाली.

एवढं करूनही काप जवळजवळ पारदर्शकच राहतो. त्यावर चढणारा रंग आला रंगाऱ्यांकडून. हिमॅटॉक्सिलिन मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या खोडातून निघतं. युरोपात त्याने लोकर, रेशीम काळं करत. नुसतं ते पेशींवर नीट बसेना. 1865 मध्ये बोमर यांनी त्यात तुरटी घातली. कापडाने रंग धरावा म्हणून रंगारी करतात तेच. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी उठून दिसू लागली. केंद्रकाभोवतीचा भाग गुलाबी करणारा इओसिन हा रंग 1870च्या दशकातला, दगडी कोळशाच्या डांबरातल्या रसायनांपासून केलेला. रोगाचं मूळ पेशीत शोधा, असं जर्मन डॉक्टर फिरखो 1858 मध्येच सांगून बसले होते. ते रोजच्या कामात उतरलं या जोडीमुळे.

बडोदेकरांना ही रंगविद्या परकी नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने, आणि तिथे कापड रंगवणं रसायनशास्त्राच्या अंगाने शिकवत. (मुंबईत चाफेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेलं डांबर उतरवलं ते याच गज्जरांनी. बडोद्याच्या मराठी माणसाने यात कोणाची बाजू घ्यायची ते त्याचं त्याने पाहावं!) मात्र कलाभवनातून इथली पॅथॉलॉजी निघाली असं कोणी समजू नये. बडोद्याचं मेडिकल कॉलेज आलं 1949 मध्ये.

तुकडा न काढता पेशी तपासायची दुसरीही एक रीत आहे: सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पसरायच्या, ही एफएनएसी (फाइन नीडल ॲस्पिरेशन सायटॉलॉजी). न्यूयॉर्कमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी 1930 मध्ये ती मांडली, पुढे रुजवली स्वीडनच्या डॉक्टरांनी. इथे मेणाची भानगड नाही, म्हणून रिपोर्ट लवकर. पण सुईत सुट्या पेशी येतात, त्यांची मूळ मांडणी येत नाही. थायरॉइडची फॉलिक्युलर प्रकारची गाठ साधी की कॅन्सरची, हे पेशी गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी भेदून गेल्यात का यावर ठरतं. सुईला ते कळत नाही. गाठ काढून कापच पाहावे लागतात.