पात्र लोकसंख्येचे ८० टक्के आणि एकूण लोकसंख्येचे ८० टक्के

२०२१च्या ऑगस्टअखेरीस सिंगापूरने ८० टक्के लोकांचे कोविड लसीचे दोन्ही डोस पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्याच काळात ऑस्ट्रेलियाचे सरकारही ७० आणि ८० टक्क्यांचे टप्पे सांगून निर्बंध कधी सैल होतील याचा आराखडा जनतेपुढे मांडत होते. आकडा सारखाच असल्याने दोन्ही देश एकाच मुक्कामाविषयी बोलत आहेत असे वाटे. प्रत्यक्षात सिंगापूरचा आकडा लहान मुले धरून एकूण लोकसंख्येचा होता आणि ऑस्ट्रेलियाचा केवळ १६ वर्षे व त्यापुढील वयाच्या, म्हणजे लसीसाठी पात्र धरलेल्या लोकांचा.

फरक आहे तो छेदाचा. ऑस्ट्रेलियाच्या सुमारे २.५७ कोटी लोकसंख्येत १६ वर्षांपुढील लोक साधारण २.०६ कोटी होते; म्हणजे त्यांच्यापैकी ८० टक्के लोकांना लस मिळाली, तरी संपूर्ण देशाच्या हिशेबात ते प्रमाण ६४ टक्केच भरते आणि ७० टक्क्यांचा टप्पा ५६ वर येतो. सिडनीतील शंभरहून अधिक दिवसांची टाळेबंदी ११ ऑक्टोबर २०२१ रोजी उठली, ती न्यू साउथ वेल्स राज्याने हा ७० टक्क्यांचा टप्पा ओलांडल्यावर.

तरीही पात्र लोकसंख्येचा आकडा फसवा आहे असे मी म्हणणार नाही. रुग्णालयांवरचा ताण प्रामुख्याने वृद्धांच्या गंभीर आजारामुळे वाढतो, आणि निर्बंध उठवताना सरकारांना त्याचीच सर्वांत जास्त चिंता होती. विषाणू समाजात किती पसरेल हे जोखायचे असेल, तर मात्र मुलांना वगळून चालत नाही, कारण संसर्ग त्यांच्यातूनही पसरतो. एकूण ८० टक्के गाठूनही विषाणूच्या डेल्टा या प्रकारामुळे रुग्ण वाढले, तेव्हा सिंगापूरला सप्टेंबरअखेरीस निर्बंध पुन्हा कडक करावे लागले.

तरुण देशात हा फरक आणखी रुंदावतो, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी झाली याची मला खंत वाटते. भारतातील सुमारे १३८ कोटी लोकांपैकी प्रौढ साधारण ९४ कोटी धरले जात होते. म्हणून प्रत्येक प्रौढाचे दोन्ही डोस झाले असते तरी एकूण प्रमाण ६८ टक्क्यांच्या पुढे गेले नसते, आणि ऑस्ट्रेलियात ५६ टक्के ठरणारा ७० टक्क्यांचा टप्पा प्रौढांच्या हिशेबाने इथे जेमतेम ४८ टक्के ठरला असता. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी गाठलेला १०० कोटींचा आकडा तर माणसांचा नव्हताच, तो डोसांचा होता. दोन्ही डोस झालेले लोक त्या दिवशी ३० कोटींच्या आसपास होते.

दोन्ही टक्केवाऱ्यांत एक गोष्ट मात्र झाकली जाते: लस नेमकी कोणत्या वयाच्या लोकांपर्यंत पोहोचली. हाँगकाँगमध्ये २०२२च्या सुरुवातीस एकूण लोकसंख्येपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोकांचे दोन डोस झाले होते, पण ८० वर्षांपुढील लोकांमध्ये हे प्रमाण निम्म्याहूनही बरेच कमी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा मृतांमध्ये बहुसंख्य होते ते लस न घेतलेले किंवा अपुरे डोस झालेले वृद्धच.