लाँच हा शब्द नेमका कुठला?

राजापुरी जेट्टीवर कुणी विचारलं "लाँच कधी सुटणार?" तर आपण जंजिऱ्याकडे बघतो. पण तिथेच बाजूला उभ्या पोराच्या मोबाईलवर नवा फोन लाँच झालेला असतो, इस्रो उपग्रह लाँच करतं, एखादा निर्माता स्वतःच्या मुलाला हिरो म्हणून लाँच करतो, म्हणजे शब्द एक आणि अर्थ बघाल तितके. आता खरी गंमत अशी की हा एक शब्द नाहीच. दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग आणि उच्चार तेवढा सेम.

पहिलं ते क्रियापद. लॅटिनमध्ये लान्सिया म्हणजे हलका भाला, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये भाला फेकणं, आणि साधारण १४व्या शतकात ते इंग्रजीत आलं. आधी नुसतं फेकणं, झेपावणं, मग नवीन जहाज पाण्यात सोडणं. आपल्याकडे नवी होडी पूजा करून, नारळ फोडून सगळे मिळून पाण्यात लोटतात ना, नेमकं तेच. त्यातूनच पुढे पुस्तक, साबण, फोन. रॉकेटचा अर्थ विसाव्या शतकातला, १९५७ ला रशियाचा स्पुटनिक उपग्रह गेला आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला आपल्या केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं तोवर तो पेपरात चांगलाच रुळला होता.

दुसरी लाँच म्हणजे आपली, पाण्यावरची, आणि मला जीव आहे तो हिच्यावर. हिचा भाल्याशी काही संबंध नाही. इंग्रजांनी हा शब्द १७व्या शतकाच्या शेवटी घेतला तो पोर्तुगीज 'लांचा'वरून, आणि त्याच्या मागे बहुतेक मलय भाषेतला 'लांचार' आहे, म्हणजे जलद. १५११ ला पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने मलय मुलखातलं मलाक्का बंदर घेतलं, त्या काळातल्या पोर्तुगीज लिखाणात तिकडच्या चपळ गलबतांना लांचारा म्हटलेलं सापडतं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी गोवा घेतला होता, पुढे चौल आणि वसईही त्यांच्याकडेच आलं, म्हणजे हे सगळं आपल्याच दर्यावर चाललं होतं.

इंग्रजी आरमारात लाँच म्हणजे युद्धनौकेवर ठेवलेली सगळ्यात मोठी होडी. किती मोठी? १७८९ ला बाउंटी या इंग्रजी जहाजावर खलाशांचं बंड झालं तेव्हा कॅप्टन ब्लायला १८ माणसांसकट अशाच २३ फुटी लाँचमध्ये उतरवून दिलं, आणि तो जवळपास ३,६०० सागरी मैल कापून मलय बेटांच्या मुलखातल्या तिमोरला पोचला. म्हणजे शब्द जिथून निघाला जवळजवळ तिथेच, हे वाचून मी तर थक्कच झालो.

नंतर वाफेच्या लाँच आल्या, मग डिझेलच्या, आणि कोकणात हे नाव पक्कं बसलं. आगबोट वेगळी, ती बऱ्याच बंदरांत आत येऊ शकायची नाही, बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माणसं-सामान पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्याला आणायला लागायचं. लाँच लहान, कमी पाण्यात चालणारी, म्हणून ती थेट धक्क्याला लागते. रेवसची माणसं अजूनही भाऊच्या धक्क्यावरून "लाँचने आलो" असंच सांगतात. पण दाभोळ-धोपावेला गाड्या वाहणारी आली ती जंगलजेटी झाली, आणि २०२० ला मांडव्याला गाड्या नेणारी मोठी बोट आली तर तिला सगळे रो-रो म्हणतात, लाँच कुणी म्हणत नाही.