बाळ काचेत, आई कुठे?

"बाळ काचेत आहे जी." नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेली माणसं एवढंच सांगतात. कोणी गडचिरोलीहून आलेलं, कोणी गोंदियाहून, कोणी पार बालाघाटहून. दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ विशेष कक्षात. बाळंतीण दुसऱ्या मजल्यावर, नाहीतर अजून गावाकडच्याच दवाखान्यात. दूध पिळून वाटी वर पाठवायची, एवढंच तिचं काम.

ही ताटातूट कुठलाच डॉक्टर लिहून देत नाही. कक्षाचा नकाशा काढताना आईची खाट काढायची राहून गेलेली असते.

त्या खाटेची किंमत २०२१ साली मोजली गेली. भारतासह पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाची ३,२११ बाळं दोन गटांत विभागली. एका गटात बाळाची प्रकृती स्थिरावल्यावर त्याला आईच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून द्यायचं, ही जुनी रीत. दुसऱ्यात जन्मल्यापासूनच, आणि त्यासाठी आईची खाट थेट अतिदक्षता कक्षात. तिथं बाळं दिवसाला साधारण १७ तास छातीशी राहिली; जुन्या रीतीत जेमतेम दीड तास. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका ठळक होता की चाचणी मध्येच थांबवली. छातीची ऊब आणि लवकर मिळणारं दूध तर आहेच. शिवाय बाळाच्या अंगावर दवाखान्यातल्या जंतूंऐवजी आईचे जंतू आधी वस्तीला येतात, असाही संशोधकांचा तर्क आहे.

मग प्रत्येकाला वेगळी खोली द्यावी का? स्टॉकहोममध्ये आईवडील रात्रंदिवस राहू शकले तेव्हा बाळं सरासरी पाच दिवस आधी घरी गेली. पण अमेरिकेत सेंट लुईसला स्वतंत्र खोल्यांतल्या बाळांची भाषा दोन वर्षांनी मागे पडलेली दिसली. आईवडील पुरेसे येत नसतील, तर ती खोली नुसतीच सामसूम राहते.

आपल्याकडे सामसुमीची भीती नाही, माणसं बाहेर ताटकळतच असतात! हवी ती मागे झुकणारी खुर्ची, बाळंतिणीला जवळ संडास, मे महिन्यातल्या ४५ अंशांत टिकणारा गारवा. आई तापानं फणफणली तर बाप किंवा आजीही बाळ छातीशी घेऊ शकते. पण एका खोलीत चार बाळंतिणी अंग उघडं टाकून बसलेल्या, मध्ये साधा पडदा नाही. तिथं बापाला आत कोण घेणार?